कपाशीच्या फुलातल्या ग्रंथी: काप घेतला की नुसती भोकंच दिसतात, काय चुकतंय?

पऱ्हाटी_परभणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय माल्वेसी कुळातल्या फुलांमधल्या स्रावी रचना. कपाशी (अमेरिकन आणि गावरान दोन्ही), अंबाडी, भेंडी आणि जास्वंद एवढी फुलं धरली आहेत. अडलंय ते कपाशीवर, म्हणून इथं विचारायलोय.

उमललेली फुलं आणि पात्या (कळ्या) शेतातच एफ.ए.ए. मध्ये टाकल्या (फॉर्मॅलिन ५ मिली, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ५ मिली, ७० टक्के अल्कोहोल ९० मिली). आठ दिवस त्यातच होत्या. मग अल्कोहोलच्या पायऱ्या, मेण, रोटरी मायक्रोटोमवर १० मायक्रॉनचे आडवे काप, सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीन.

अडचणी अशा. ताज्या फुलाच्या हिरव्या पेल्यावर भिंगातून काळे ठिपके स्वच्छ दिसतात, पण स्लाइडमध्ये त्या जागी रिकामी भोकं. भोकं भरपूर आहेत. त्यातली गॉसिपॉलची (कपाशीतलं विषारी पिवळं द्रव्य) कोणती आणि चिकट द्रव्याची कोणती, कळायला मार्ग नाही. दुसरं, बीजांडकोशाच्या बुडाशी मकरंदाची तबकडी दिसेल असं गृहीत धरलं होतं, ती एकाही स्लाइडमध्ये नाही. तिसरं, मेणाचा नाद सोडून हातानं काप घ्यावेत म्हटलं तर बुळबुळीतपणामुळं ब्लेड घसरतं आणि काप फाटतो.

लॅबमध्ये साधा सूक्ष्मदर्शक (१०, ४० आणि १०० चे ऑब्जेक्टिव्ह), एक डिसेक्टिंग मायक्रोस्कोप, मायक्रोटोम आणि नेहमीची रंगद्रव्यं आहेत. फ्लुरोसन्स नाही. फुलं अजून महिनाभर तरी मिळतील. कुठून सुरुवात करू?


भिंग_आणि_ब्लेड

आधी तबकडीचा विषय मिटवू. लिंबू, बोर, आंबा यांच्या फुलात बीजांडकोशाभोवती मकरंदाची तबकडी असते, म्हणून सवयीनं इथंही नजर तिथंच जाते. कपाशी, अंबाडी, भेंडी, जास्वंद यांच्यात ती नसतेच. यांची मधुग्रंथी म्हणजे दाटीवाटीनं उभे असलेले ग्रंथियुक्त केस, आणि ते असतात निदलपुंजाच्या, म्हणजे हिरव्या पेल्याच्या, आतल्या अंगाला, अगदी तळाशी. म्हणजे मकरंद पाकळ्यांच्या आत नसून पाकळ्या आणि हिरवा पेला यांच्या मधल्या जागेत साठतो. कपाशीच्या पाकळ्या बुडाशी एकमेकींना पूर्ण चिकटलेल्या नसतात, दोन पाकळ्यांच्या मध्ये एक फट राहते. अशा पाच फटी. माशीची सोंड तिथूनच खाली उतरते.

तुमच्या आडव्या कापात ती का आली नाही, हेही यातून उघड आहे. ग्रंथीचा पट्टा अरुंद असतो. बीजांडकोशाच्या मध्यावर काप घेतला तर पट्टा खाली राहिला, देठाकडून घेतला तर तो वर राहिला. आडव्या कापांची सगळी रिबन क्रमानं बघितली तर सापडेल, पण त्यापेक्षा उभा काप घ्या.

हे असं करा. सकाळी उमललेलं फूल घ्या. खालची तीन कातरलेली हिरवी पानं, म्हणजे एपिकॅलिक्स, काढून टाका. आतला पेला काठापासून बुडापर्यंत ब्लेडनं एका बाजूनं उभा चिरा. आता पाकळ्या धरून हळूच वर ओढा. पाकळ्या आणि केसरनलिका बुडाशी जोडलेल्या असल्यामुळं सगळं एकत्र सुटून येतं आणि बीजांडकोश जागेवर राहतो. पेला उलगडून डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली आतली बाजू वर करून ठेवा. तळाशी फिकट, मखमलीसारखा, ओलसर गोल पट्टा दिसेल आणि त्याच्या लगेच वर चांदणीच्या आकाराच्या केसांची झालर. झालरीचे केस स्रावी नाहीत. विद्यार्थी हमखास तीच झालर रेखाटून खाली ‘मधुग्रंथी’ लिहितात. खरी ग्रंथी झालरीच्या खाली.

खात्री करायला न्यूट्रल रेड हा रंग. १०,००० भाग पाण्याला १ भाग, म्हणजे ०.०१ टक्के. उलगडलेला पेला त्यात १५ ते २० मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्यात धुवा. स्रावी पट्टा लालसर उठून येतो, बाकीचा भाग फिका राहतो. जिथं ब्लेड लागलं तिथंही रंग धरतो, त्यामुळं कडेची लाली जमेस धरू नका.

आता काप. पट्टा मध्ये येईल अशी साधारण २ मिमी रुंद, ५ मिमी लांब उभी पट्टी कापा, गाजराच्या किंवा पपईच्या देठाच्या चिरेत बसवा आणि उभे काप घ्या. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली एकेक केस वेगळा दिसायला हवा: बुडाशी बाह्यत्वचेत रुतलेली पेशी, तिच्यावर देठाची पेशी, त्यावर पेशींच्या थरांचा गदेसारखा डोकं फुगलेला भाग. देठाच्या पेशीची बाजूची भिंत नीट बघा. सुदान थ्री या मेदाच्या रंगात ती रंगते, कारण तिच्यात मेणासारखं क्युटिन भरलेलं असतं. या भिंतीमुळं रसाला पेशीभित्तिकांमधून वर चढायला वाट उरत नाही, त्याला पेशीरसातूनच, एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जावं लागतं. परीक्षक ‘मग हा नुसता केस कशावरून नाही?’ असं विचारतील तेव्हा ही भिंत दाखवा. ग्रंथीखाली येणाऱ्या वाहिन्यांमध्ये फ्लोएम (अन्न नेणारी ऊती) किती आणि झायलेम (पाणी नेणारी ऊती) किती, तेही त्याच कापात टिपून ठेवा.


रसायनी_लातूर

भोकांचं उत्तर तुमच्या बाटलीतच आहे. गॉसिपॉल अल्कोहोलमध्ये विरघळतं. एफ.ए.ए. मध्ये ७० टक्के अल्कोहोल, त्यात आठ दिवस, वर निर्जलीकरणाच्या पायऱ्या आणि मग झायलीन: एवढ्या आंघोळी झाल्यावर ग्रंथीत काही उरलं असतं तरच नवल. तुमची स्लाइड वाईट नाही, ती रिकाम्या खोलीचा फोटो आहे. खोलीची बांधणी त्यातून सांगता येते, आत कोण राहत होतं ते सांगता येत नाही.

चिकट द्रव्याचं बरोबर उलट. ते अल्कोहोलमध्ये थिजून घट्ट बसतं आणि पाण्यात फुगून बाहेर सांडतं. म्हणून एकच फूल एकाच बाटलीत टाकून तिन्ही स्राव दाखवायचे म्हटलं तर जमणार नाही. एका झाडाची, एकाच दिवशीची फुलं घ्या आणि तिथंच तीन वाटे करा. पहिला वाटा ताजा, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, गॉसिपॉलसाठी. दुसरा थेट ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये, चिकट द्रव्यासाठी. तिसरा एफ.ए.ए. मध्ये, पण २४ ते ४८ तासच, बांधणीसाठी. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवून ठेवायचा. पेल्याच्या आतल्या केसांमध्ये हवा अडकते आणि द्रव आत शिरत नाही, म्हणून फुलाचे तुकडे ५० मिलीच्या सिरिंजमध्ये एफ.ए.ए. सकट घ्या, तोंडावर बोट दाबा आणि दट्ट्या मागं ओढा. बुडबुडे निघतील. चार-पाच वेळा केलं की तुकडे तळाला बसतात. न बसलेले तुकडे मेणात गेले की नेमके ग्रंथीपाशी फाटतात.

गॉसिपॉल. ताजा काप, ब्लेड कोरडं. पाण्यात ठेवू नका. सरकीच्या गरातल्या ग्रंथी तर पाणी लागताच फुटतात आणि पिवळा धूर सुटल्यासारखं दिसतं. लिक्विड पॅराफिनच्या थेंबात काप ठेवला की ठिपका जागेवर राहतो. तसाच एक फोटो घ्या. मग दुसरा काप कोरड्या स्लाइडवर ठेवून टिपकागदानं टिपा आणि काचकांडीच्या टोकानं संहत सल्फ्युरिक ॲसिडचा अगदी लहान थेंब लावा. गॉसिपॉल लालभडक होतं. जे बघायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात. नंतर ॲसिड बाकीची ऊतीही खायला लागतं आणि सगळंच तपकिरी होतं. ऑब्जेक्टिव्ह १० चाच वापरा आणि कव्हरस्लिप लावल्याशिवाय नळी खाली आणू नका, लेन्सवर ॲसिड गेलं तर ती लेन्स गेली.

पुस्तकात अँटिमनी ट्रायक्लोराइडची चाचणी सापडेल, क्लोरोफॉर्ममधलं संपृक्त द्रावण. लाल रंग तिच्यातही सुंदर येतो, पण कापाला जराही ओल असली की पांढरा गढूळ साका बसतो आणि काही दिसत नाही. शिवाय क्लोरोफॉर्मला धुराडं लागतं. तुमच्याकडं ते नसेल तर नादी लागू नका. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडनंही ग्रंथी लाल होते, पण झायलेमही लाल होतं आणि ते द्रावण अल्कोहोलमधलं असल्यामुळं रंग ग्रंथीबाहेर पसरतो.

ऋण तुलनेसाठी भेंडीचा काप शेजारी ठेवा. माल्वेसीत गॉसिपॉलच्या ग्रंथी कपाशीच्या गटातच, म्हणजे कपाशी, परसभेंडी वगैरेंमध्ये. भेंडी, अंबाडी, जास्वंद दुसऱ्या गटातल्या, त्यांच्यात नाहीत. भेंडीत लाल ठिपका आला तर चूक चाचणीत आहे असं समजा.

चिकट द्रव्य. ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये एक दिवस राहिलेला तुकडा घ्या आणि काप घेताना ब्लेड ९० टक्के अल्कोहोलनं ओलं करत राहा. पाण्यानं कधीच नाही, घसरण्याचं कारण तेच आहे. ब्लेड नवं, अर्धं मोडून, आणि आठ-दहा कापांनंतर बदलायचं. काप रुथेनियम रेडमध्ये टाका, ५,००० ला १, म्हणजे ०.०२ टक्के, त्याच दिवशी केलेलं. चिकट द्रव्य गुलाबी-लाल होतं. पेशीभित्तिकांतलं पेक्टिनही थोडं रंगतं, म्हणून ‘रंगलं’ एवढंच लिहू नका, पोकळीच्या आतला गोळा रंगला का ते लिहा. जोडीला टोल्युडीन ब्ल्यू ०.०५ टक्के: चिकट द्रव्य जांभळट-गुलाबी, लिग्निन निळं-हिरवं. हा काप नंतर अल्कोहोलमध्ये नेला तर जांभळट छटा जाते, तेव्हा पाण्यातच किंवा ग्लिसरिनमध्ये बघून घ्या.

टॅनिक ॲसिड आणि फेरिक क्लोराइडची पद्धत वापरणार असाल तर एक काप नुसत्या फेरिक क्लोराइडमध्येही टाका. या कुळात टॅनिनच्या पेशी आधीच असतात आणि त्या फेरिक क्लोराइडनं एकट्यानंच काळ्या होतात. तो काप नसेल तर तुमचं चिकट द्रव्य कदाचित टॅनिन असेल.

आणि तुमच्या जुन्या स्लाइड फेकू नका. त्यातही भोकं वेगळी करता येतात. गॉसिपॉलची ग्रंथी गोल किंवा अंडाकृती, बहुधा बाह्यत्वचेच्या जवळ, आणि भोवती चपट्या पेशींचं वेष्टन. चिकट द्रव्याची पोकळी वेडीवाकडी, आतल्या मूलऊतीत, वेष्टन नाही, आणि आत तुटलेल्या आडव्या भिंतींचे तुकडे लोंबताना दिसतात. तारकेसारखे चमकणारे स्फटिक दिसले तर ते कॅल्शियम ऑक्झलेटचे. ॲसेटिक ॲसिडनं ते जात नाहीत, हायड्रोक्लोरिक ॲसिडनं जातात. म्हणून फ्लोरोग्लुसिनॉलच्या स्लाइडवरून ‘स्फटिक नाहीत’ असं लिहू नका.

जाता जाता: गॉसिपॉल हे नाव १८९९ साली मार्खलेव्स्कीनं दिलं, गॉसिपियम आणि फिनॉल जोडून. हे फिनॉल आहे म्हणूनच ते अल्कलीतही विरघळतं. पेला पारदर्शक करायला सोडियम हायड्रॉक्साइड वापरलं तर शिरा छान दिसतील, ठिपके जातील.


काळीमाती_नांदेड

वरच्या दोघांनी लॅबचं सांगितलं, मी शेतातलं सांगतो, कारण निम्मं काम तिथंच बिघडतं.

उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळीच ओळखता येते. पाकळ्यांची गुंडाळी एपिकॅलिक्सच्या वर मेणबत्तीसारखी निघालेली असते. जालन्याकडं सीड प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या बायका असल्याच कळ्या हेरतात. तीच कळी आज बटर पेपरच्या पिशवीत बांधा, उद्या सकाळी ८ ते १० मध्ये काढा. फुलातली मधुग्रंथी त्या एका दिवसापुरती चालते. अमेरिकन कपाशीचं फूल पहिल्या दिवशी दुधी, दुसऱ्या दिवशी गुलाबी. गुलाबी झालेलं फूल मकरंदासाठी घेऊ नका. त्यातले केस सुकत चाललेले असतात आणि काप घेतला की चुरगळतात. गावरान कपाशी फुलते तीच पिवळी, त्यामुळं तिच्यात दुधी-गुलाबीचा हिशोब लावता येत नाही. आदल्या दिवशी पिशवी बांधणं हाच उपाय.

पाकळ्या वरून चिकटून गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी डोमकळी घेऊ नका. आत गुलाबी बोंडअळी असते, तिनं परागकोश खाल्लेले असतात आणि आत विष्ठा असते. काप रंगवला की ती घाण सुरेख रंगते आणि स्राव वाटते.

आता फुलाबाहेरच्या मधुग्रंथी. विषय ‘फुलातल्या’ असला तरी या सोडू नका. एक, पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेवर, एक लहान खड्डा. बाजूच्या मोठ्या शिरांवरही कधी असतात. दोन, एपिकॅलिक्सच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी बाहेरून, तीन. तीन, एपिकॅलिक्सच्या आत, पेल्याच्या बाहेरच्या बुडाशी, एपिकॅलिक्सच्या पानांना आलटून-पालटून, पुन्हा तीन. काही फुलांत एखादी नसते किंवा अर्धवट असते, त्यामुळं दहा-वीस फुलं मोजून सरासरी मांडा, एका फुलावरून सूत्र करू नका. या ग्रंथी फूल उमलायच्या आधीपासून आणि बोंड धरल्यावरही पाझरतात. मुंगळे त्यासाठीच पात्यांवर फिरतात. ‘मुंगळे आले, रोग आला’ म्हणून फवारणी सुचवणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

इथं एक गल्लत नेहमी होते: चिकटा आणि मकरंद. मावा आणि पांढरी माशी यांचा चिकटा पानाच्या वरच्या बाजूला, वरच्या पानांवरून गळून, ठिपक्या-ठिपक्यांनी पसरलेला असतो आणि पुढं त्यावर काळी बुरशी चढते. मकरंदाचा थेंब खड्ड्यातच, शिरेवर, खालच्या बाजूनं. दोन्ही गोड, दोन्ही चिकट, साखरेची चाचणी दोन्हींत येईल. म्हणून नमुना घेताना पानाची कोणती बाजू हे वहीत लिहा. तुमचं चिकट द्रव्य हे तिसरंच प्रकरण, ते आत असतं, बाहेर थेंब म्हणून येत नाही. प्रबंधात तिन्हीला ‘चिकट पदार्थ’ लिहिलंत तर वाचणारा चक्रावेल.

दुपारच्या कोरड्या हवेत खड्ड्यातला थेंब आटून साखरेचा पापुद्रा राहतो. रात्री पाऊस झाला असेल तर सगळं धुऊन गेलेलं. नमुन्यांची तोडणी सलग दोन कोरड्या दिवसांनंतर, एकाच वेळेला करा. ज्या प्लॉटवर फवारणी झाली तिथले नमुने टाळा. तेलकट औषधाचा थर सुदानमध्ये रंगतो.

वाणाचं नाव आणि नंबर लिहून ठेवा. दुकानातल्या पाकिटावरची संकरित बियाणी बहुतेक अमेरिकन प्रकारातली, गावरान म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम वेगळीच प्रजाती. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं गावरान कपाशीवर जुनं काम आहे, नांदेडच्या केंद्रानं एनएचएच ४४ हा संकरित वाण दिला. खात्रीचं बियाणं तिथून मागितलंत तर ‘गावरान म्हणून कोणीतरी दिलेलं’ असं लिहायची वेळ येणार नाही.

चर्चेच्या प्रकरणात घालायला एक मुद्दा. बाहेरच्या मधुग्रंथी नसलेली कपाशी पैदास करता येते. हा गुण हवाई बेटांवरच्या जंगली गॉसिपियम टोमेंटोसममधून आला आणि दोन अप्रभावी जनुकांवर चालतो. त्या झाडांत पानावरच्या आणि एपिकॅलिक्सजवळच्या ग्रंथी जातात, फुलातली मात्र राहते. म्हणजे दिसायला सारख्या दोन ग्रंथींचं नियंत्रण वेगळं आहे. शेताच्या दृष्टीनं त्याला दोन बाजू: किडींच्या पतंगांना फुकटचं खाणं बंद होतं, आणि ट्रायकोग्रामासारख्या मित्रकीटकांचंही. तसंच गॉसिपॉलच्या ग्रंथी नसलेली कपाशीही आहे. तिची सरकी कोंबड्यांना चालते, पण झाड उंदरांना आणि किडींनाही आवडायला लागतं. आपल्याकडं सरकीची ढेप म्हशीला चालते ती तिच्या कोठीपोटामुळं, कोंबडीला तसं कोठीपोट नाही.


पऱ्हाटी_परभणी

खूप आभार. आज सकाळी पेला उलगडून न्यूट्रल रेडमध्ये टाकला, पट्टा आला! झालर आणि ग्रंथी वेगळी दिसली. लिक्विड पॅराफिन उद्या आणतो.

अजून दोन गोष्टी. अंबाडीच्या निदलांच्या पाठीवर मध्यभागी एक फुगवटा दिसतो, तो काय? आणि भेंडीची दुपारी आणलेली फुलं उघडली तर पेलाच सापडत नाही. शिवाय मकरंद मोजायचा तर साध्या रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवातली साखर मोजायचं उपकरण) जमेल का? आमच्याकडं हातातला, ० ते ५० ब्रिक्सचा आहे.


मधुपेटी_किनवट

अंबाडीचा फुगवटा ही फुलाबाहेरची मधुग्रंथीच. प्रत्येक निदलाच्या मधल्या शिरेवर, बाहेरून एक. वर चिरेसारखं तोंड असतं, आत तेच गदेसारखे केस. दोरखंडाची अंबाडी आणि लाल अंबाडी दोन्हींत बघा, लाल अंबाडीची निदलं मांसल असल्यामुळं काप सोपा जातो. दोरखंडाच्या अंबाडीला कुसळं असतात, चिमट्यानं धरा, बोटांत गेली तर दिवसभर टोचतात. अंबाडीच्या पानाखालीही मधल्या शिरेवर बुडाजवळ अशीच एक असते. म्हणजे एकाच झाडावर पान, निदलाची पाठ आणि निदलाचं पोट अशा तीन जागी ग्रंथी मिळतात. तिन्हींचे उभे काप एकाच मापपट्टीवर शेजारी मांडले तर तुमच्या प्रबंधातला सगळ्यात बोलका फोटो तोच होईल. काप मात्र वरच्या पद्धतीनं अल्कोहोलात, कारण लाल अंबाडीही फार चिकट असते.

भेंडीचा पेला सापडत नाही कारण तो गळून गेलेला असतो. भेंडीत निदलपुंज एका बाजूनं फाटून म्यानासारखा होतो आणि पाकळ्यांबरोबर सगळाच सुटतो. मधुग्रंथी त्याच्या आतल्या बुडाशी असल्यामुळं तीही त्याच्याबरोबर जाते. फूल सकाळी झाडावर असतानाच घ्या, देठासकट, आणि हलवू नका.

जास्वंदीत जागा तीच, पेल्याच्या आतलं बूड, पण मकरंद बराच जास्त, कारण ते फूल पक्ष्यांसाठीचं. शिंजीर पुष्कळदा पेल्याला बाहेरून भोक पाडून पितो, तेव्हा भोक पडलेली फुलं मापनातून वगळा. एकाच पाकळ्यांच्या रांगेची साधी जास्वंद घ्या. घरोघरच्या डबल जास्वंदीत केसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात आणि आतली मांडणी विस्कटलेली असते.

मापन. हातातला रिफ्रॅक्टोमीटर चालेल, पण त्याला एका कपाशीच्या फुलाचा मकरंद पुरत नाही. पिशवी बांधलेल्या फुलांच्या पाकळ्यांमधल्या फटीतून ५ मायक्रोलिटरची काचेची कॅपिलरी हळूच आत घाला, टोक मखमली पट्ट्याला खरवडणार नाही असं. द्रव आपोआप चढतो. कॅपिलरीतल्या खांबाची लांबी मोजा, एकूण लांबीनं भागा, ५ नं गुणा: ते आकारमान. प्रत्येक फुलाचं आकारमान वेगळं लिहा आणि मगच पाच-सहा फुलांचा मकरंद काचेवर एकत्र करून ब्रिक्स घ्या. खरवडलं तर पेशीरस मिसळतो, द्रव गढूळ किंवा हिरवट दिसतो. तो नमुना टाकून द्या.

इथं चूक होते ती हिशोबात. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम साखर, १०० मिलीत नव्हे. म्हणून घनतेनं गुणावं लागतं. २० ब्रिक्सला घनता १.०८१, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये ०.२१६ मिलिग्रॅम साखर. समजा फुलात ४ मायक्रोलिटर, २५ ब्रिक्स: घनता १.१०४ धरून ०.२७६ गुणिले ४, म्हणजे १.१ मिलिग्रॅम. नुसतं ०.२५ नं गुणलं तर एका फुलात फरक छोटा वाटतो, पण सरासरीत कायमचा दहाएक टक्के कमी येतो. उपकरण २० अंशांना जुळवलेलं असतं आणि त्यात तापमानाची आपोआप दुरुस्ती नसेल तर आपल्याकडच्या ३० अंशांना वाचनात साधारण ०.७ ते ०.८ मिळवा. रोज सुरुवातीला डिस्टिल्ड वॉटरनं शून्य तपासा.

आणि एक सुचवणं. फुलं संपल्यावर काम थांबवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर फुलते, तिचा पेला जाड, चामड्यासारखा, आतली मधुग्रंथी हाताच्या भिंगानं दिसते. जुन्या पुस्तकांत सावर बॉम्बॅकेसीत, फालसा टिलिएसीत, मुरुडशेंग स्टरक्युलिएसीत. १९९८ पासूनच्या वर्गीकरणात हे सगळे माल्वेसीत आले. ग्रंथीच्या जागेवरून ते का पटतं ते सावरीत दिसेल. फालशानं मात्र घोळ घातलाय: त्याची मधुग्रंथी पाकळीच्या बुडाशी, आतल्या अंगाला, कडेनं केसांची किनार. ‘माल्वेसीत मधुग्रंथी नेहमी निदलांवर’ असं वाक्य लिहायच्या आधी एक फालशाचं फूल उघडा.


भिंग_आणि_ब्लेड

रसायनीताई, एक छोटी दुरुस्ती. वेष्टनावरून ओळख बरोबर, पण कोवळ्या पातीत ती लागू पडत नाही. गॉसिपॉलची पोकळी पेशी विरघळून तयार होते आणि सुरुवातीला तिथं नुसता दाट पेशीद्रव्याच्या पेशींचा पुंजका असतो. चपट्या पेशी नंतर दिसतात. चिकट द्रव्याच्या पोकळ्याही शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून होतात. त्यामुळं ५ मिमीपेक्षा लहान पात्यांमध्ये आकारावरून नाव देऊ नये, ताज्या कापाची चाचणीच हवी.


रसायनी_लातूर

मान्य. मी उमललेल्या फुलापुरतं लिहिलं होतं, तसं म्हणायला हवं होतं.

पऱ्हाटी, ठिपके मोजणार असशील तर ताज्या एपिकॅलिक्सवर ५ मिमीचं कॉर्क बोरर वापर, क्षेत्रफळ १९.६ चौ. मिमी येतं. पेल्याला ३ मिमीचं, ७.१ चौ. मिमी. चकती लिक्विड पॅराफिनमध्ये, उजेड खालून. कडेवर अर्धे कापलेले ठिपके एका अर्ध्या वर्तुळावरचे मोजायचे, दुसऱ्यावरचे सोडायचे, म्हणजे दोनदा मोजले जात नाहीत. वाण, झाड नंबर, फांदी आणि वेळ चकती काढायच्या आधीच कागदावर लिही. तेलाच्या हातानं नंतर पेन्सिल चालत नाही.